जुन्या फोर बाय फोरला जादा दिवे: आधी अर्थिंग, मग रिले, शेवटी दिवा

पंधरा-वीस वर्षे जुन्या फोर बाय फोरला जादा दिवे बसवताना बहुतेक जण उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी दिवे बंपरवर चढतात, मग वायर ओढली जाते, आणि उजेड पिवळट पडला किंवा फ्यूज उडाला की मग गाडीच्या मूळ वायरिंगकडे लक्ष जाते. दोष बहुधा दिव्यात नसतो. गंजलेले अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हला गाडीच्या लोखंडाशी जोडणाऱ्या केबली), कडक झालेल्या वायरी आणि थकलेला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र) यांच्यावर नवा भार टाकलेला असतो. म्हणून पुढचा क्रम मोडू नका: मोजणी, दुरुस्ती, हिशेब, जागा, वायरिंग, चाचणी. हाच क्रम काँप्रेसर, फ्रिज किंवा वायरलेस सेटलाही लागू पडतो. इथे उदाहरण हॅलोजन दिव्यांच्या जोडीचे घेतले आहे.

१. तयारी आणि सामान

डिजिटल मल्टिमीटर हवाच. नुसत्या टेस्ट लॅम्पवर हे काम निभत नाही, कारण टेस्ट लॅम्प ११ व्होल्टलाही पेटतो आणि १३ व्होल्टलाही.

बाकीचे सामान:

- चार पिनांचे, ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले (लहान करंटने मोठा करंट जोडणारा विजेवरचा स्विच), होल्डरसकट
- झाकण असलेले, पाणी न शिरणारे दोन ब्लेड फ्यूज होल्डर आणि ट्रिगरच्या (रिले चालू करणाऱ्या) वायरीसाठी एक लहान
- मुख्य प्रवाहासाठी २.५ किंवा ४ चौ. मिमी वायर, स्विचसाठी १ चौ. मिमी
- योग्य मापाच्या थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोके), त्या दाबून बसवायची रॅचेटवाली क्रिंपिंग पक्कड, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह
- रबरी ग्रोमेट (पत्र्यातल्या भोकाची कड झाकणारी कडी), नागमोडी प्लास्टिक नळी, केबल टाय
- तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमर, पेट्रोलियम जेली

वायर घेताना एक घोटाळा हमखास होतो. काही वायरींवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा इन्सुलेशनसकट बाहेरच्या जाडीचा असतो, आतल्या तांब्याच्या छेदाचा नव्हे. '४ मिमी' म्हणून घेतलेल्या वायरीत कधीकधी २ चौ. मिमीसुद्धा तांबे नसते. चौरस मिलिमीटरमध्ये किती, हे विचारूनच घ्या. टोक सोलून बघा: गाडीसाठी बारीक तारांच्या जुडग्याची लवचीक वायर लागते. घरगुती वायरिंगची एकसंध तार हादऱ्यांनी काही महिन्यांत तुटते.

सावधान: हातातील अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढा, जोडताना तो शेवटी लावा. उलट केले आणि पॉझिटिव्हच्या नटावर असलेला पाना बॉडीला टेकला, तर पाना लाल होईपर्यंत तापतो आणि बॅटरीजवळचा वायू पेट घेऊ शकतो. रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून घ्या.

२. गाडी १२ व्होल्टची आहे ना, ते पाहा

दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे गाडी २४ व्होल्टचीच असते असे नाही, आणि नसतेच असेही नाही. काही जुन्या डिझेल फोर बाय फोर खरोखरच २४ व्होल्टच्या असतात. पहिल्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून दुसरीच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजून बघा. मग दुसरीच्या निगेटिव्हपासून पहिलीच्या पॉझिटिव्हपर्यंतही मोजा. दोन्ही वेळा मोजल्यावर कुठेही १३ व्होल्टच्या वर आकडा गेला नाही, तर बॅटऱ्या समांतर आहेत. २५ च्या आसपास आला तर त्या एकामागून एक जोडलेल्या आहेत.

२४ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचे दिवे चालवू नका. ती बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि दोन्ही वेळेआधी संपतात. २४ व्होल्टचे बल्ब व रिले घ्या, किंवा पुरेशा क्षमतेचा कन्व्हर्टर बसवा.

३. मोजणी: चार आकडे लिहून काढा

ही पायरी अर्ध्या तासाची आहे, आणि सर्वात जास्त वेळा हीच वगळली जाते.

पहिला आकडा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्टेज. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

दुसरा: सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर किती उरते. ९.६ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतो आहे. या चाचणीत इंजिन सुरू व्हायला नको. डिझेल पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (इंधन तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा. पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची सप्लाय वायर काढा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

तिसरा: इंजिन सुमारे १५०० ते २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी असतील तर आधी अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण बघा, मग अल्टरनेटरचे कार्बन ब्रश आणि त्याच्या मागची जाड वायर.

चौथा आकडा अर्थिंगचा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, खुद्द शिशावर. क्लॅम्पवर ठेवली तर क्लॅम्प आणि खुंटीमधला दोष मोजणीतून निसटतो. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. आता मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.३ च्या वर गेले तर दुरुस्ती हवीच. मग हेडलाइट व ब्लोअर चालू ठेवून लाल प्रोब बॉडीच्या उघड्या धातूवर आणि नंतर चासीवर टेकवा. दोन्हीकडे ०.१ च्या आत हवे.

तपासणी: हे चारही आकडे बरोबर आल्याशिवाय दिव्यांचे खोके उघडू नका.

४. अर्थिंगची दुरुस्ती

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, बॉडीही चासीवर रबरी पॅडवर. म्हणजे इंजिन, बॉडी आणि चासी हे तीन वेगळे लोखंडी तुकडे आहेत आणि त्यांना विजेच्या दृष्टीने एकत्र धरणाऱ्या फक्त दोन-तीन पट्ट्या किंवा केबली असतात. चिखल आणि पाण्यातून गेलेल्या गाडीत नेमक्या त्याच सडतात. इंजिनाची पट्टी गेली की सेल्फचा शेकडो अँपिअर करंट मिळेल ती वाट धरतो: ॲक्सिलरेटरची केबल, हँडब्रेकची केबल, गिअर लिंकेज. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर केबल गरम लागली किंवा तिच्या आवरणातून धूर आला, तर कारण हेच.

क्रम असा:

१) निगेटिव्ह सोडवा. बॅटरीपासून इंजिन, बॉडी आणि चासीकडे जाणारी प्रत्येक जोडणी एकेक करून काढा. सगळ्या एकदम काढू नका. कुठली कुठे होती याचा फोटो घ्या.

२) केबलचे टोक वाकवून बघा. इन्सुलेशनखाली करकर आवाज आला किंवा तांब्यावर हिरवट थर दिसला, तर तेवढाच तुकडा कापून भागत नाही. हा थर तांब्यातून आत सरकत जातो, म्हणून अख्खी केबल बदला. बॅटरी ते इंजिन किमान २५ चौ. मिमी, मोठ्या डिझेल इंजिनाला ३५. बॉडी आणि चासीसाठी १६ पुरते.

३) बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून धातू चकचकीत करा. थिंबलच्या दोन्ही बाजू घासा. बोल्टचे आटेही तारेच्या ब्रशने साफ करा.

४) दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा. त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. आधी जाड ग्रीस थापून मग बोल्ट लावणे ही नेहमीची चूक. धातूला धातू भिडायला हवा आणि लेप बाहेरून बसायला हवा.

बोल्ट नुसत्या हाताने आवळून 'झाले' म्हणू नका. थिंबल पकडून हलवा. जराही फिरली तर सैल आहे.

तपासणी: तिसऱ्या टप्प्यातली अर्थिंगची मोजणी पुन्हा करा. बऱ्याचदा एवढ्यावरच मूळ हेडलाइट उजळतात. हॅलोजनचे व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड साधारण ३० टक्के घटतो, त्यामुळे अर्ध्या-एक व्होल्टची गळतीही डोळ्यांना जाणवते. क्वचित जादा दिव्यांची गरजच उरत नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे.

५. भाराचा हिशेब

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ५५ वॅटचे दोन दिवे: ११० भागिले १२, सुमारे ९ अँपिअर. १०० वॅटचे दोन: सुमारे १७. इंजिन चालू असताना व्होल्टेज १२ च्या वर असते, म्हणून प्रत्यक्षात थोडे जास्तच जातात.

आता अल्टरनेटरकडे बघा. समजा त्यावर ५५ अँपिअर लिहिले आहेत. हेडलाइट १०, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे ४, ब्लोअर १०, वायपर ५, रेडिओ आणि किरकोळ ३. हे झाले ३२. त्यावर १०० वॅटची जोडी चढवली की सुमारे ५० होतात, आणि बॅटरी भरायला उरतात जेमतेम पाच. तेही पूर्ण वेगावर. आयडलिंगला अल्टरनेटर लिहिलेल्या आकड्याच्या खूप खाली असतो, आणि दगडगोट्यांच्या वाटेवर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या संथ, जोरकस गिअरमध्ये) गाडी तासन्तास जवळपास आयडलिंगलाच चालते. अशा गाडीला ५५ वॅटचीच जोडी किंवा एलईडी घ्या.

फ्यूज आणि वायर:

- ५५ वॅटची जोडी, एकाच फ्यूजवर: १५ अँपिअर (निळा), २.५ चौ. मिमी
- १०० वॅटची जोडी, एकाच फ्यूजवर: २५ अँपिअर (पारदर्शक), ४ चौ. मिमी
- १०० वॅटचा एकच दिवा स्वतंत्र फ्यूजवर: १५ अँपिअर, २.५ चौ. मिमी

प्रत्येक दिव्याला स्वतःचा रिले आणि स्वतःचा फ्यूज द्यावा, असे आमचे ठाम मत आहे. खर्च एका रिलेचा वाढतो. पण एका दिव्याची वायर शॉर्ट झाली तर दुसरा चालू राहतो. वळणावर दोन्ही एकदम विझणे हा खरा धोका आहे.

सावधान: फ्यूज दिव्याला वाचवत नाही, वायरीला वाचवतो. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे.

६. दिव्यांची जागा

रेडिएटरसमोर मोठे दिवे आले की हवा अडते आणि जुन्या इंजिनाचे तापमान चढावर वाढते, म्हणून ते शक्यतो दोन्ही कडांना घ्या. छतावरच्या दिव्यांचा उजेड बोनेटवर पडून डोळ्यांवर परततो. ब्रॅकेटचा पत्रा किमान ३ मिमी, नट नायलॉन इन्सर्टचे. भोक पाडण्याआधी पत्र्यामागे काय आहे ते हात घालून बघा, आणि पाडल्यावर कडा कानसने घासून प्रायमर लावा. उघडी कड तिथून गंजायला लागते.

७. वायरिंग

निगेटिव्ह काढलेलाच ठेवा. फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज घालू नका.

*मुख्य प्रवाह.* बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ ते २० सेंमीच्या आत फ्यूज होल्डर. बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या वायरीला कोणतेही संरक्षण नसते, म्हणून ती आखूड हवी. फ्यूजनंतर रिलेच्या पिन ३० ला. पिन ८७ पासून दिव्याच्या पॉझिटिव्हला.

*दिव्याचे अर्थिंग.* ब्रॅकेटच्या बोल्टवर विसंबू नका. दिवे ज्यावर बसतात ते पुढचे गार्ड जाड रंगाखाली असते आणि त्याचे बोल्टही गंजतात. पॉझिटिव्हइतक्याच जाडीची वेगळी निगेटिव्ह वायर दिव्यापासून चौथ्या टप्प्यात साफ केलेल्या बॉडीच्या अर्थिंग बिंदूपर्यंत आणा.

*रिलेची जागा.* बॅटरीजवळ, पण तिच्या अगदी वर नाही आणि एक्झॉस्टपासून दूर. पिना खालच्या दिशेला, म्हणजे होल्डरमध्ये पाणी साचत नाही.

*ट्रिगर.* हेडलाइटच्या अप्परच्या वायरीवरून १ चौ. मिमी वायर, तिला ३ अँपिअरचा फ्यूज, तिथून केबिनमधला स्विच, स्विचमधून दोन्ही रिलेंच्या पिन ८६ ला. पिन ८५ अर्थला. रिलेची कॉइल फार थोडा करंट घेते, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या लहान स्विचवर भार येत नाही. अप्पर चालू आणि स्विच चालू असेल तेव्हाच दिवे पेटतात. समोरून गाडी आली की हेडलाइट डिपरवर घेताच सगळे जादा दिवे एकदम विझतात. तुमच्या भागातील नियमांना याशिवाय वेगळी जोडणी चालते का, ते आधी बघा.

इथे तीन चुका परत परत होतात.

पहिली: पाच पिनांचा रिले. त्यातील मधली पिन ८७ ए असते आणि रिले *बंद* असताना ती जोडलेली असते. दिवा तिच्यावर लावला तर स्विच बंद करताच दिवे पेटतात आणि सकाळी बॅटरी संपलेली असते. पिनांवरचे आकडे भिंग घेऊन वाचा. काही पाच पिनांच्या रिलेत दोन्ही पिना साध्या ८७ असतात, म्हणून आकार बघून ठरवू नका.

दुसरी: आत डायोड असलेला रिले. त्यात ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच हवा. उलट जोडला की ट्रिगरचा फ्यूज उडतो किंवा डायोड जळतो.

तिसरी चूक सगळ्यात छळते. काही गाड्यांत, जुन्या टोयोटा लँड क्रूझरमध्येही, हेडलाइटला पॉझिटिव्ह सामाईक असतो आणि अप्पर-डिपरचा स्विच निगेटिव्ह बाजू जोडतो-तोडतो. अशा गाडीत नेहमीसारखी जोडणी केली तर सगळे उलटे होते: अप्पर बंद असताना जादा दिवे पेटतात, अप्पर लावला की विझतात. ओळखण्यासाठी बॅटरी तात्पुरती जोडा, हेडलाइटचा कनेक्टर काढा, दिवे चालू करा आणि तिन्ही टोके बॅटरीच्या निगेटिव्हच्या तुलनेत मोजा. अप्पर व डिपर बदलूनही एकाच टोकावर कायम १२ व्होल्ट दिसत असतील, तर तो सामाईक पॉझिटिव्ह. मग ट्रिगरची वायर (फ्यूज आणि स्विचमधून) त्या सामाईक टोकावरून ८६ ला आणा, आणि ८५ अर्थला न जोडता अप्परच्या टोकाला जोडा. मोजणी झाली की निगेटिव्ह पुन्हा काढा.

*जोड.* चालू वायरीवर दाबून बसवायचे प्लास्टिकचे चिमटे वापरू नका. त्यांचे पाते तांब्याच्या तारा कापते आणि पाणी आत घेते. क्रिंप करा, ओढून बघा, स्लीव्ह चढवून तापवा, कडेने गोंद बाहेर दिसला पाहिजे. डाग देणे (सोल्डरिंग) वाईट नाही, पण डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. डाग दिलाच तर त्यापुढची वायर दोन्ही बाजूंनी बांधून ठेवा.

*वाट.* वायर प्लास्टिक नळीतून, मूळ वायरिंगसोबत न्या. एक्झॉस्टपासून १५ सेंमी दूर, स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर. साधारण २० सेंमीवर एक टाय. केबिनमध्ये जाताना पत्र्यात ग्रोमेट हवाच, आणि वायर भोकात शिरण्याआधी खाली झोल घेऊन वर जावी, म्हणजे पाणी झोलातून टपकते. पुढचे गार्ड चासीला असते आणि बॉडी रबरावर हलते, म्हणून या दोन्हींमध्ये वायरीला हाताच्या रुंदीइतका सैल फेर ठेवा. ताणून बांधलेली वायर पहिल्याच खडबडीत वाटेवर थिंबलमधून निसटते.

भोक बुजवायला सिलिकॉन वापरत असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारे टाळा. त्यातून सुटणारे आम्ल तांबे आणि पत्रा दोन्ही गंजवते.

८. वीज जोडताना

स्विच बंद. निगेटिव्ह जोडा. प्रत्येक मुख्य फ्यूजच्या जागी आधी टेस्ट लॅम्पची दोन टोके लावा. काहीच पेटायला नको. लॅम्प पेटला तर रिलेपर्यंतच्या वायरीत शॉर्ट आहे, किंवा दिवा ८७ ए वर आहे. ही युक्ती फ्यूज वाया न घालवता दोष दाखवते.

मग खरे फ्यूज घाला, इंजिन सुरू करा, दिवे लावा आणि दोन मोजण्या घ्या: बॅटरी पॉझिटिव्ह ते दिव्याचा पॉझिटिव्ह, आणि दिव्याचा निगेटिव्ह ते बॅटरी निगेटिव्ह. दोन्ही मिळून ०.५ व्होल्टच्या आत हवे. जास्त असेल तर त्याच मार्गावर एकेक जोड ओलांडत मोजा. जिथे आकडा उडी घेतो तो जोड सदोष.

दिवे दहा मिनिटे चालू ठेवून फ्यूज होल्डर आणि रिलेच्या पिना बोटांनी चाचपा. कोमट चालेल, चटका बसला तर क्रिंप सैल आहे.

शेवटी सगळे बंद करून, निगेटिव्ह काढून, त्याच्या आणि खुंटीच्या मध्ये मीटर मिलिअँपिअरमध्ये लावा. काही मिनिटांनी आकडा ५० च्या खाली स्थिरावला पाहिजे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज क्षणात जातो.

९. दिव्यांची दिशा

सपाट जमीन, टायरमध्ये योग्य हवा, गाडीत नेहमीचा भार. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारा. प्रकाशाचा सर्वात तेजस्वी भाग त्या रेघेवर किंवा किंचित खाली हवा. एका वेळी एकच दिवा. दुसऱ्यावर जाड कापड टाकू नका, हॅलोजनच्या उष्णतेने ते जळते. त्याचा फ्यूजच काढून ठेवा.

१०. पुन्हा आवळणे

पहिल्या २०० ते ३०० किलोमीटरनंतर, विशेषतः कच्च्या रस्त्यावर गाडी चालली असेल तर, ब्रॅकेटचे नट, बॅटरीचे क्लॅम्प आणि अर्थिंगचे बोल्ट पुन्हा आवळा. टाय ज्या ज्या कडेला टेकतो तिथे वायरीची नळी घासली आहे का ते बघा. पाण्यातून गाडी नेल्यावर एक रिले उपसून पिना पाहा. पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर होल्डरची जागा चुकली आहे. नुसते पुसून परत बसवू नका, तो वर सरकवा.